तवा उचलून बघता येत नाही तेव्हा



संयोजकांनी मला विषय सुचवला होता 'निवृत्तीनंतरचं नियोजन'. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि माझं नियोजन फारसं जमलेलंही नाही. त्यापेक्षा गेली दोन वर्षं मी खरोखर जे करतो आहे त्यावर बोलू द्या. ते तयार झाले. तर मी सध्या तवे विकायला मदत करतो. बिडाचे तवे, ऑनलाइन.

फौजेत मी ऑर्डनन्समध्ये होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बुटाच्या नाडीपासून तोफेच्या सुट्या भागांपर्यंत जे सामान जवानाला लागतं, ते योग्य वेळी योग्य जागी पोहोचवणारं हे खातं. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि महूला स्थायिक झालो, इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. माझी भाची, म्हणजे बायकोच्या बहिणीची मुलगी, इंदुरात राहते. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तिनं स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवून हा धंदा सुरू केला. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून डोसा तवे आणि आप्पेपात्रं मागवायची, घरी तेल मुरवून तयार करायची आणि दोन-तीन ऑनलाइन बाजारांवर विकायची.

चार महिन्यांनी ती घरी आली ती रडवेली होऊनच. म्हणाली, "काका, माल जातो आणि परत येतो."

मी वही मागितली. त्या महिन्यात चाळीस तवे गेले होते, अकरा परत आले होते. एका तव्यामागे तिला सुटत होते साधारण एकशे साठ रुपये. एका परतीत जाण्यायेण्याचं भाडं, फाटलेलं खोकं, कधी तडकलेला तवा, असे अडीचशेच्या वर जात होते. हिशेब तुम्हीच करा. एकोणतीस तव्यांनी कमावलेले साडेचार हजार, त्यातले पावणेतीन हजार अकरा तव्यांनी खाल्ले. उरलेल्यात पाटल्यांचं व्याज भरायचं.

ती म्हणाली, "माल वाईट नाही हो." आणि खरंच नव्हता. माझ्या घरी त्यातलाच एक तवा आहे, त्यावरची आंबोळी मी रोज खातो. मग चुकत होतं कुठे? मी म्हटलं, तुझं पान दाखव. ऑनलाइन बाजारात वस्तूचं जे पान असतं, नाव, फोटो, किंमत, चार-पाच मुद्दे आणि खाली वर्णन, त्याला लिस्टिंग म्हणतात. ते मी मोबाइलवर वाचलं. वरची ओळ होती, 'प्रीमियम क्वालिटी हेवी ड्युटी बेस्ट डोसा तवा हेल्दी कुकिंग पारंपरिक'. दहा शब्द, आणि त्यात तव्याबद्दलची माहिती फक्त एकच, की तो डोशाचा आहे.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती माझ्याच चुकीची आहे. कॅप्टन असताना मी लडाखमध्ये होतो. तिथे हिवाळ्यात खिंडी बंद व्हायच्या आधी सहा महिन्यांचं सामान वर न्यावं लागतं. त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतात. स्वयंपाकाच्या स्टोव्हचे काही भाग मी मागवले. मागणीपत्रात नाव लिहिलं, संख्या लिहिली, माप लिहायचं राहिलं. भाग आले, पण ते दुसऱ्या मापाचे. तोवर खिंड बंद झालेली. त्या हिवाळ्यात एका ठाण्याच्या लंगरनं अर्ध्या स्टोव्हवर स्वयंपाक केला. तिथला आचारी मला काही बोलला नाही, पण मार्चमध्ये भेटला तेव्हा त्यानं मला चहा दिला आणि म्हणाला, "साहेब, जरा वेळ लागला, स्टोव्ह कमी आहेत." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

असो. तव्याकडे येऊ.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला घेऊन इंदूरच्या बर्तन बाजारात गेलो आणि तासभर एका दुकानाच्या ओट्यावर बसून बायका तवा कसा घेतात ते नुसतं बघितलं. तुम्हीही बघा कधी, फार शिकण्यासारखं आहे. आधी तवा एका हातानं उचलतात. मनगट वाकतं का बघतात. मग बोटाच्या पेरानं वाजवतात. धड बीड खणखणीत वाजतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग तवा उलटा करतात आणि बूड सपाट आहे का बघतात. जमिनीवर ठेवून डगमगतो का ते पाहतात. कडेवरून बोट फिरवतात. आणि शेवटी दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, "चिकटणार तर नाही ना?" दुकानदार म्हणतो, "पहिले दोन-तीन डोसे चिकटतील बाई, मग नाही." बाई पैसे देतात.

आता बघा, मोबाइलवर यातलं काय करता येतं? उचलता येत नाही, वाजवता येत नाही, उलटा करता येत नाही, बोट फिरवता येत नाही आणि दुकानदार समोर नाही. म्हणजे हात, कान आणि बोलणं, तिन्ही गेलं. जे गेलं ते शब्दांनी आणि फोटोंनी भरून द्यायचं, एवढंच लिस्टिंगचं काम. तव्याची स्तुती कुणी दुकानात विचारत नाही. मग पानावर ती कशाला?

मी परतीच्या कारणांचा तक्ता केला. सवय आहे, जात नाही. अकरापैकी चार परती वजनामुळे. बंगळूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, वजन लिहिलं असतं तर घेतलाच नसता, घरी सासूबाई स्वयंपाक करतात. मी आमचं पान पुन्हा पाहिलं. वजनाच्या जागी लिहिलं होतं 'हेवी ड्युटी'.

वजन तर साध्या गणितानं निघतं. बिडाची घनता सव्वासातच्या आसपास, म्हणजे एका घनसेंटिमीटरला साधारण ७.२ ग्रॅम. ३० सेंटिमीटर व्यास आणि ५ मिलिमीटर जाडी धरली तर तवा अडीच किलोचा होतो, वर कानांचं वजन वेगळं. २५ सेंटिमीटरचा पावणेदोन किलोचा. हे आकडे मी काट्यावर तपासले आणि पहिल्याच ओळीत घातले. पुढे एक वाक्य बायकोनं सांगितलं म्हणून जोडलं: 'दुधाच्या एक लिटरच्या अडीच पिशव्या एका हातात धरून बघा, एवढा जड.' मला ते पोरकट वाटलं होतं. पण ज्यांनी ते वाचून तवा घेतला नाही त्यांचे अडीचशे रुपये आमचे वाचले.

इथे कबूल करतो, माझा पहिला मसुदा भयंकर होता. ऑर्डनन्सच्या यादीत आधी नाम येतं आणि मग विशेषणं. तसं मी लिहिलं, 'तवा, बिडाचा, गोल, दोन कानांचा, तेल मुरवलेला, एक नग.' भाची हसून हसून खाली बसली. म्हणाली, "काका, हे वाचून लोक तवा घेणार नाहीत, सही करून ताब्यात घेतील." मग आम्ही तिघं बसलो आणि ओळ अशी झाली: 'बिडाचा डोसा तवा, ३० सेंमी, ५ मिमी जाड, २.७ किलो, दोन कान, तेल मुरवून तयार, गॅस आणि इंडक्शन'. मोबाइलवर शोधयादीत नावाची सुरुवातच तेवढी दिसते, बाकीची ओळ कापली जाते. म्हणून वस्तू, माप आणि वजन आधी. ब्रँडचं नाव मागे. नव्या ब्रँडला कोण ओळखतं?

उरलेल्या सात परतींपैकी तीन 'काळं निघतं, कोटिंग निघालं' म्हणून होत्या. याचं मूळ सापडायला मला आठवडा लागला. ऑनलाइन बाजारात वस्तू चढवताना रकाने भरायचे असतात: धातू, व्यास, इंडक्शनवर चालते का, नॉन-स्टिक आहे का. भाचीनं नॉन-स्टिकच्या रकान्यात 'हो' लिहिलं होतं. तिचं म्हणणं, मुरलेल्या तव्यावर चिकटत नाही, मग हो नाही तर काय? तिच्या दृष्टीनं बरोबर. पण ग्राहक 'नॉन-स्टिक' वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर काळं गुळगुळीत कारखान्यातलं कोटिंग येतं. त्यानं पहिल्या दिवशी घासणीनं घासलं, काळं पाणी आलं, तो घाबरला. पोटात कोटिंग गेलं म्हणून एकानं तर तक्रारही लिहिली. आम्ही तो रकाना 'नाही' केला आणि खाली लिहिलं: 'वर जे काळं आहे ते तेलाचं आवरण आहे. पहिल्या धुण्यात थोडा काळपट रंग येईल. पहिले दोन-तीन डोसे चिकटतील. साबणात भिजत ठेवू नका. धुऊन लगेच पुसा, तेलाचं बोट फिरवा. ओला राहिला तर गंज येतो. आला तर घासून पुन्हा तेल मुरवता येतं, तवा वाया जात नाही.' म्हणजे बर्तन बाजारातला दुकानदार जे म्हणाला तेच, फक्त लिहून.

रकाने रिकामे ठेवू नका, हेही सांगतो. ग्राहक 'इंडक्शनवर चालणारे' अशी चाळणी लावतो, आणि ज्याचा रकाना रिकामा तो त्या यादीत दिसतच नाही. पण रिकामा नको म्हणून खोटाही भरू नका. आमच्या आप्पेपात्राच्या पानावर 'इंडक्शन: हो' होतं, कारण ते तव्याच्या पानावरून जसंच्या तसं उतरवलं होतं. बीड चुंबकाला चिकटतं, हे खरं. पण इंडक्शनला बूड सपाट लागतं, आणि आमच्या पात्राला खालून वाट्यांचे गोल फुगे आहेत. ते इंडक्शनवर ठेवलं की शेगडी तापतच नाही, नुसती शिट्टी मारते. दोन परती त्याच्या. आता तिथे 'फक्त गॅस' असं आहे आणि तिसरा फोटो पात्राच्या बुडाचा आहे.

फोटोंबद्दल एवढंच. पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो, बहुतेक ठिकाणी तसा नियमच आहे. बाकीचे फोटो मात्र दुकानातल्या त्या बाईंच्या हालचालींप्रमाणे काढा: हातात धरलेला, उलटा, कडेचा जवळून आणि घरच्या दोन शेगड्यांच्या गॅसवर ठेवलेला. हा शेवटचा फोटो काढताना आम्हाला कळलं की ३० सेंटिमीटरचा तवा एका शेगडीवर ठेवला की शेजारच्या शेगडीवर मोठी कढई बसत नाही. ते आम्ही लिहून टाकलं. भाची म्हणाली, "काका, तुम्ही आपल्याच मालाची वाईट बाजू शोधून शोधून लिहिताय." मी म्हटलं, ती बाजू ग्राहकाला पाचव्या मिनिटाला दिसणारच आहे. त्याच्या घरी दिसली तर अडीचशे रुपये, पानावर दिसली तर फुकट.

यावरून आमचं एक खरं भांडण झालं, तेही सांगतो. तिच्या पानावर एक ओळ होती, 'रोजच्या वापरानं अशक्तपणा आणि रक्ताची कमतरता बरी होते. १०० टक्के केमिकल-फ्री.' ही तिची नव्हे, इतर विक्रेत्यांकडून उचललेली. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, सगळे लिहितात, त्यांचं खपतं, माझ्यावरच कर्ज आहे. आता लोखंडाच्या भांड्यात शिजवलेल्या अन्नात थोडं लोह उतरतं, विशेषतः पातळ आणि आंबट पदार्थांत, ही गोष्ट खरी आहे. पण आजार बरा होतो हे म्हणणं वेगळं. एखादी बाई ते वाचून डॉक्टरच्या गोळ्या बंद करील. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. आणि केमिकल-फ्री म्हणाल तर लोखंड स्वतःच एक मूलद्रव्य आहे, त्याला केमिकल नाही तर काय म्हणायचं? दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग तिनं स्वतः ती ओळ काढली आणि जागी लिहिलं: 'चिंचेचं सार, टोमॅटोची भाजी यात शिजवू नका, चवीला लोखंड लागतं आणि आवरण निघतं.'

कायद्याचा विषय निघालाच आहे तर उरकून घेतो. पॅकबंद वस्तू ऑनलाइन विकताना वैधमापन नियमांप्रमाणे उत्पादकाचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तूचं नेहमीचं नाव, नग किंवा वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं पानावर दिसायला हवं. १ जानेवारी २०१८ पासून हे लागू आहे. आणि प्रेशर कुकर विकणार असाल तर आयएसआय चिन्हाशिवाय हात लावू नका, तिथे प्रश्न लिखाणाचा नाही, कुकर फुटण्याचा आहे.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. तुमच्यापैकी कोणी बडोद्याचे, कोणी हैदराबादचे, कोणी बेळगाव-धारवाडचे, कोणी तंजावरकडचे. तुम्हीच सांगा, आप्पेपात्राला तुमच्या शेजारी काय म्हणतात? कर्नाटकात तो पदार्थ पड्डू, तमिळनाडूत पणियारम, आंध्र-तेलंगणात गुंत पोंगनालु. केरळात त्याच आकाराच्या भांड्यात उण्णियप्पम तळतात. भांडं एकच. पण हैदराबादची बाई 'आप्पेपात्र' असं कधी शोधणार आहे का? तव्याचंही तसंच. कन्नडमध्ये कावली, तेलुगूत पेनम, तमिळमध्ये दोसैक्कल, गुजरातीत लोढी, बंगालीत चाटू. आणि इंग्रजी लिपीत तवा कोणी व्हीनं लिहितं, कोणी डब्ल्यूनं, आणि दक्षिणेत 'टी'नंतर 'एच' घालतात. 'बीड' हा आपला शब्द तर इंदुरातल्या आमच्या हिंदी शेजाऱ्यांनाही कळत नाही, त्यांना कास्ट आयर्न म्हणावं लागतं.

या सगळ्या शब्दांसाठी पानामागे एक वेगळा रकाना असतो. तो ग्राहकाला दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो. तिथे हे शब्द भरायचे. ही यादी मी केली ती जुन्या सोबत्यांना फोन करून. तेलुगू शब्द विशाखापट्टणमच्या एका सुभेदार मेजरनं सांगितला, तमिळ एका हवालदाराच्या बायकोनं, आणि तिनं वर हेही सांगितलं की नवा दोसैक्कल त्यांच्याकडे 'पळक्कणम', म्हणजे त्याला सवय लावावी लागते. तेल मुरवण्याला किती चांगला शब्द! तीस वर्षं ज्या लोकांबरोबर राहिलो त्यांच्या घरच्या तव्याला काय म्हणतात हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मात्र हे शब्द नावाच्या ओळीत कोंबू नका. 'तवा पेनम कावली लोढी दोसैक्कल' असं लिहिलेलं पान वाचणाऱ्याला फेरीवाल्याच्या आरोळीसारखं वाटतं.

अकरापैकी उरलेले दोन तवे वाटेत तडकून परत आले होते. बीड ठिसूळ असतं, आपटलं की तुटतं. तिथे लेखणीचा काही उपयोग नाही, तिथे पुठ्ठा लागतो. दोन्ही कानांना वेगळं गुंडाळायचं आणि तवा खोक्यात हलता कामा नये. खोकं हलवून आवाज आला तर पुन्हा बांधायचं.

आता निकाल विचाराल. पान बदलल्यावर पहिल्या महिन्यात विक्री घटली. चाळिसावरून एकतीसवर आली. भाचीचा चेहरा पडला, माझाही. पण परत आले तीन. त्यातला एक तडकलेला, एक पत्ता चुकलेला आणि एका गृहस्थांनी कारण लिहिलं 'बायकोला न विचारता घेतला'. त्यावर लिस्टिंगमध्ये इलाज नाही. हिशेब केला तर हातात आधीपेक्षा दुपटीहून जास्त पैसे राहिले होते. पुढे विक्री हळूहळू चढली, किती चढली ते सांगत नाही, भाचीनं मना केलंय. पाटल्या मागच्या वर्षी दिवाळीआधी सुटल्या.

रोज सकाळी मी अजूनही सगळ्यात आधी एक ताऱ्याचे अभिप्राय वाचतो. पाच ताऱ्यांचे भाची वाचते. गेल्या महिन्यात एका बाईंनी विचारलं, डावखुऱ्या माणसाला हा तवा चालेल का? मला आधी हसू आलं. तव्याला दोन कान, कोणत्याही हातानं धरा. मग मी त्यांचा प्रश्न पुन्हा वाचला आणि आमचे फोटो बघितले. सगळ्या फोटोंमध्ये तवा उजव्या हातात होता आणि एका फोटोत दुसरा कान माझ्याच अंगठ्यानं झाकला गेला होता. तो फोटो बदलला.

सध्या पाटा-वरवंट्याचं पान लिहायला घेतलंय. पाट्याचं वजन बारा किलो. कुरिअरवाला फोन उचलत नाही.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि कोणी सोबत आपलं पान आणलं असेल तर ते पडद्यावर लावा, वजन लिहिलंय का तेवढं आधी बघतो.